पिळणे, उकिडवे बसणे आणि हात वर ताणणे: दुखऱ्या सांध्यांनी घर स्वच्छ कसे ठेवावे

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचे वय ४३, रुमेटॉइड प्रकारच्या संधिवाताचे निदान होऊन ६ वर्षे झाली आहेत. नाशिकमध्ये सिडकोत वर एक खोली चढवलेले बैठे घर आहे, पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये कामाला आहेत, मुलगा दहावीत, मुलगी सातवीत आणि सोबत सत्तरीच्या सासूबाई. आठवडाभर साचलेले काम तुम्ही रविवारी सकाळी एका दमात उरकता आणि मग सोमवार-मंगळवारी बोटे मिटत नाहीत म्हणून अंथरुणाला खिळता. त्या दोन दिवसांत सासूबाई एक शब्दही न बोलता केरसुणी हातात घेतात आणि ते तुम्हाला दुखण्यापेक्षा जास्त लागते, असे तुम्ही लिहिले आहे. शेवटी तुमचा प्रश्न असा आहे की, अशा शरीराने घर स्वच्छ ठेवायचे तर आठवड्याचे वेळापत्रक कसे असावे.

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारामुळे किंवा दुखापतीमुळे ज्यांची रोजची कामे अडली आहेत, त्यांना ती कामे वेगळ्या रीतीने पुन्हा करता यावीत, हेच आमचे काम. नाशिकमध्ये गेली २२ वर्षे ते करताना जुन्या नाशकातल्या वाड्यांपासून गंगापूर रोडवरच्या इमारतींपर्यंत कितीतरी घरांतल्या मोऱ्या, ओटे आणि माळे मी त्या त्या घरच्या बाईबरोबर उभी राहून पाहिले आहेत. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, ते सावकाश वाचावे.

तुमची खरी अडचण वेळापत्रकाची नाही, असे मला वाटते. वेळापत्रक मी अर्ध्या तासात लिहून देऊ शकेन. परंतु रविवारी ज्या हालचालींनी तुमचे सांधे दुखावतात, त्याच हालचाली सात दिवसांत वाटून दिल्या, तर दुखणेही सात दिवसांत वाटले जाईल, एवढेच. आपल्याकडची घराची स्वच्छता मुख्यतः तीन हालचालींवर उभी आहे: फडके आणि कपडे पिळणे, उकिडवे बसून झाडणे-पुसणे-घासणे, आणि हात डोक्याच्या वर ताणून जळमटे काढणे किंवा माळ्यावरून वस्तू उतरवणे. निरोगी शरीराला या तिन्हींचे काही वाटत नाही, म्हणून त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. तुमच्या शरीराला नेमक्या याच तीन महाग पडतात. त्या बदलणे हे पहिले काम आहे. कोणत्या वारी काय करायचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर कशा अवलंबून आहेत, ते स्पष्ट केले पाहिजे. तुमचा आजार सध्या आटोक्यात आहे की चढलेला आहे, यावर बरेच ठरते. सकाळचा आखडलेपणा तासाहून अधिक टिकत असेल, एखादा सांधा नव्याने सुजून गरम लागत असेल, तर माझ्या सल्ल्याआधी तुमच्या संधिवाततज्ज्ञांची भेट हवी, कारण सुजलेल्या सांध्याला कामाच्या कोणत्याही युक्तीपेक्षा औषधाची गरज अधिक असते. ताप आला तर तो अंगावर काढू नये. तुम्ही घेत असलेली औषधे प्रतिकारशक्ती कमी करतात. थकवा फार असेल तर हिमोग्लोबिन तपासले आहे का, हेही विचारून घ्यावे, कारण या आजारात रक्तक्षय सोबत असणे नेहमीचे आहे. आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचा आजार वेगळा असेल, तर सल्लाही बदलतो. हृदय कमकुवत असलेल्याला खाली वाकण्यानेच धाप लागते. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्याने ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहू नये. आणि ज्या आजारांत थोड्याशा श्रमाचा परिणाम एक-दोन दिवसांनी कोसळण्यासारखा दिसतो, तिथे हळूहळू काम वाढवत नेण्याचा सल्ला उलट घातक ठरू शकतो. मी पुढे जे लिहिते आहे ते तुमच्यासारख्या सांध्यांच्या आजारासाठी आहे.

आता रविवारबद्दल. बरे वाटते त्या दिवशी राहिलेले सगळे उरकायचे आणि मग दोन दिवस पडून राहायचे, हे चक्र माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात मला दिसते, आणि ते आळसातून नव्हे, तर अतिशय प्रामाणिक कष्टाळूपणातून आलेले असते. बरा दिवस पुन्हा केव्हा मिळेल याची खात्री नसते, म्हणून तो मिळाल्यावर हात थांबत नाहीत. परंतु दाह असलेल्या सांध्याची तक्रार काम चालू असताना पुरती कळत नाही, ती नंतर कळते. म्हणून मी एक साधी कसोटी देते. काम संपल्यावर दोन तासांनीही सांधे कामाआधी होते त्यापेक्षा जास्त दुखत असतील, तर ते काम आजच्या शरीराला जास्त झाले, असे समजावे आणि पुढच्या वेळी ते निम्म्यावर थांबवावे. थांबण्याची वेळ दुखणे सुरू झाल्यावर ठरवायची नसते, आधीच ठरवायची असते. मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावावा आणि तो वाजला की फरशी अर्धीच पुसून झाली असली तरी बसावे. हे सांगायला सोपे आणि करायला फार अवघड आहे, याची मला कल्पना आहे. अर्धी पुसलेली फरशी डोळ्यांना टोचते. तरीही सुरुवातीचे तीन-चार आठवडे हे एवढे पाळून पाहावे.

वेळेविषयी आणखी दोन गोष्टी. आखडलेपणा सकाळी सर्वांत जास्त असतो, म्हणून जड काम साडेदहा-अकराच्या आधी घेऊ नये. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी बोटांना आणखी आखडवते. त्या दिवसांत कामाला हात लावण्याआधी ते पाच-दहा मिनिटे सोसवेल अशा कोमट पाण्यात बुडवून बोटांची उघडझाप करावी. दुसरे, तुम्ही आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीचा उल्लेख केला आहे आणि ती तुम्ही शनिवारी रात्री घेता. ती गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे अनेकांना होते. म्हणजे आठवड्यातला तुमचा सर्वांत अशक्त दिवस बहुधा रविवार आहे आणि सर्वांत जड काम तुम्ही नेमके त्याच दिवशी काढता. गोळीचा वार बदलायचा असेल तर डॉक्टरांना विचारूनच बदलावा; कामाचा वार मात्र आजच बदलता येईल.

आता त्या तीन हालचालींकडे येऊ. पिळण्याबद्दल मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण संधिवात असलेल्या हातांचे इतके नुकसान करणारे दुसरे घरकाम मी पाहिलेले नाही. या आजारात सांध्याच्या आतले आवरण सुजते, त्या सुजेने सांध्याला धरून ठेवणारे बंध सैल होत जातात आणि बोटे हळूहळू करंगळीच्या दिशेने कलू लागतात. फडके पिळताना आपण नेमके काय करतो, ते पाहा: मूठ घट्ट आवळतो, मनगट फिरवतो आणि सगळा जोर बोटांना करंगळीच्या बाजूला ढकलतो. आजार ज्या दिशेने बोटे नेतो आहे, त्याच दिशेने आपण त्यांना दिवसातून पंचवीस वेळा लोटतो. पंचवटीतल्या एका आजींचे बोटांचे कलणे उजव्या हातात डाव्यापेक्षा कितीतरी जास्त होते. त्यांच्या मोरीपाशी उभी राहिले तेव्हा कारण दिसले: डावा हात फडके नुसते धरून ठेवत असे आणि उजवा पिळत असे, चाळीस वर्षे.

म्हणून घरातून पिळणेच काढून टाकावे. फरशीसाठी पायाने दाबून फिरवायच्या बादलीचा मॉप मिळतो, तो चालेल. परंतु तीन-चार खोल्यांच्या घरासाठी मला त्याहून सोपी रीत आवडते. लांब दांड्याचा सपाट मॉप घ्यावा, ज्याचे फडके काढून लावता येते, आणि अशी तीन-चार फडकी ठेवावीत. पाणी बादलीत न घेता फवाऱ्याच्या बाटलीत घ्यावे, फरशीवर मारावे आणि पुसावे. एक खोली झाली की फडके काढून बाजूला टाकावे आणि दुसरे लावावे. शेवटी सगळी फडकी धुण्याच्या यंत्रात जातात. यात पिळणे नाही आणि भरलेली बादली उचलणेही नाही. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो वजन बोटांच्या आकड्यांत अडकवणे होय. ते तुम्ही कोणत्याही कामासाठी करू नये. न्हाणीघरात बादली नळाखालीच ठेवून भरावी आणि हलवायची झाल्यास अर्धी भरून हलवावी. फवाऱ्याची बाटलीही घोडा दाबण्याची घेतली तर तर्जनी दुखेल. त्याऐवजी जुन्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला चार-पाच छिद्रे पाडून ती ओतत जावी, काम तेच होते.

ओट्याचे फडके हाताने पिळायची वेळ आलीच, तर ते दुमडून दोन तळव्यांमध्ये नमस्कार केल्यासारखे दाबावे, किंवा सिंकच्या तळावर ठेवून तळव्याने दाबावे. पाणी थोडे राहील, राहू द्यावे. ओटा पुसताना फडके चिमटीत न धरता उघड्या तळव्याखाली सपाट ठेवावे आणि उजव्या हाताने उजवीकडून डावीकडे, म्हणजे अंगठ्याच्या दिशेने न्यावे. परत आणताना हात उचलून आणावा. डाव्या हाताने याच्या उलट. ही बारीक गोष्ट वाटेल, परंतु दिवसातून पाच वेळा ओटा पुसला जातो आणि वर्षाचे दिवस ३६५ असतात. गोल फिरवायचे नळ घरात असतील तर त्यांच्या जागी लांब दांडीचे नळ प्लंबरकडून बसवून घ्यावेत; दांडी मनगटाने किंवा कोपरानेही ढकलता येते. झाडू, मॉप, मोरीचा ब्रश, सगळ्यांची मूठ जाड करावी, कारण जाड मूठ धरायला बोटे कमी आवळावी लागतात. त्यासाठी महागडे काही आणायची गरज नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ते काळे फोम कोणताही एसी दुरुस्त करणारा हातभर कापून देतो. ते दांड्यावर सरकवून चिकटपट्टी लावली की झाले.

उकिडवे बसण्याचा तोटा दुहेरी आहे. गुडघे आणि घोटे पूर्ण दुमडले जातात, आणि उठताना आपण जमिनीवर मूठ किंवा मनगट टेकून सगळ्या शरीराचा भार त्यावर देतो. तुम्ही मनगटाच्या दुखण्याबद्दल लिहिले आहे. त्यातला काही भाग या उठण्याचा असेल, असा माझा अंदाज आहे. केर काढायला लांब दांड्याचा झाडू आणि लांब दांड्याची सुपली घ्यावी. सुरुवातीला कोपऱ्यांतला केर निघत नाही म्हणून केरसुणीचीच आठवण होते. कोपरे आठवड्यातून एकदा दुसऱ्या कोणीतरी काढावेत. भांडी मोरीत बसून घासत असाल तर ते बंद करून सिंकमध्ये घासावीत. सिंक खोल असेल तर तळाशी एक घमेले पालथे घालून त्यावर भांड्यांचे टोपले ठेवावे, म्हणजे पाठ वाकत नाही. आणि ओट्यापाशी एक उंच स्टूल हवेच. स्वयंपाकघरात बसून काम करणे आपल्याकडे आजारपणाची किंवा आळसाची खूण मानतात. मी ते प्रत्येक घरात आग्रहाने आणायला लावते, कारण बसून केलेल्या कामाला उभ्याने केलेल्या कामापेक्षा कमी शक्ती लागते आणि ती वाचलेली शक्ती संध्याकाळी मुलांजवळ बसायला उरते.

हात वर ताणण्याबद्दल फार लिहीत नाही. रोज लागणारी कोणतीही वस्तू खांद्याच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली ठेवू नये. पाच लिटरचा कुकर फडताळात खाली ठेवला असेल तर तो ओट्यावर आणावा, दिसायला ओटा भरलेला वाटला तरी. माळ्यावर तुम्ही चढू नये. स्टुलावर उभे राहून तोल गेला आणि ज्यांनी अनेक वर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत त्यांची हाडे ठिसूळ झालेली असली, तर साधे पडणेही फ्रॅक्चरवर जाते.

इथपर्यंत पद्धतीविषयी झाले. परंतु पद्धत बदलूनही सगळे घर पूर्वीसारखे राहणार नाही, आणि म्हणून काय सोडता येते आणि काय सोडता येत नाही, हे ठरवावे लागते. मी घरातली अस्वच्छता दोन भागांत पाहते: जिच्याने कोणी आजारी पडेल ती, आणि जी केवळ दिसते ती. आपल्या मनात मात्र या दोन्हींची लाज सारखीच असते. उलट टीव्हीवरची धूळ पाहुण्यांना दिसते म्हणून ती आधी पुसली जाते आणि आठवडाभराचे ओले भांड्याचे फडके तसेच राहते. तुमच्या औषधांमुळे जंतुसंसर्ग तुम्हाला लवकर होऊ शकतो, म्हणून तुमच्या घरात पहिला मान स्वयंपाकघराचा. ओट्याची आणि भांड्यांची फडकी रोज बदलावीत, उन्हात कडक वाळवावीत. कच्चे मांस किंवा अंडी हाताळली तर त्या जागेला आणि हातांना लगेच साबण लावावा. शिळे अन्न फ्रिजमध्ये किती दिवसांचे आहे, ते पाहावे. दुसरा मान न्हाणीघराच्या फरशीचा. ती चमकली नाही तरी चालेल, पण तिच्यावर शेवाळ आणि साबणाचा थर नको, कारण तिथेच माणसे घसरून पडतात. शेवटी आंघोळ करणाऱ्याने रबराच्या लांब वायपरने पाणी ओढून जायचे, एवढा एक नियम घरात लावला तर घासण्याचे काम निम्म्यावर येते.

तिसरा मान साठवलेल्या पाण्याचा, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण नाशिकमध्ये पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण दिसतात आणि तुमच्यासारख्या रुग्णाला डेंग्यू परवडणारा नाही. डेंग्यू पसरवणारा एडीस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे सांगितले जाते. परंतु ती अंडी पाण्याच्या पातळीच्या वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकू शकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून चालत नाही, भांडे आतून घासावे लागते. आणि घासणे तर तुम्हाला नको आहे. म्हणून घासण्याची भांडीच कमी करावीत. पाणी जाईल या धास्तीने आपल्या घरांत चार-पाच पिंपे, कळशा आणि बादल्या भरून ठेवलेल्या असतात. खरोखर लागते तेवढे एक घट्ट झाकणाचे पिंप ठेवावे आणि बाकीची रिकामी करून पालथी घालावीत. ते एक पिंप दर आठवड्याला मुलाने घासावे. फ्रिजमागची ताटली आणि कुंड्यांखालच्या बशा त्याच दिवशी बघाव्यात.

या तिन्हींनंतर जे उरते, म्हणजे धूळ, काचा, पडदे, पंखे, आवराआवर, ते सर्व डोळ्यांचे समाधान आहे. ते समाधान खोटे नाही. स्वच्छ खोलीत मन शांत होते, हे मी नाकारत नाही. म्हणून एक जागा निवडावी, जी रोज नीट असेल, उदाहरणार्थ तुमची बसायची खुर्ची आणि तिच्या समोर दिसणारा कोपरा. बाकीचे ज्या आठवड्यात जमेल त्या आठवड्यात. मार्च ते मे या महिन्यांत नाशिकमध्ये वाऱ्याने येणारी धूळ इतकी असते की सकाळी पुसलेली खिडकी दुपारी तशीच दिसते. त्या दिवसांत दुपारी रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवण्याने जे साधते, ते दोनदा पुसून साधत नाही.

धूळ आणि रसायने यांच्याबाबत काही गोष्टी तुम्ही स्वतः करू नयेत, त्या सांगते. गच्चीत किंवा खिडकीच्या कोनाड्यात कबुतरांची विष्ठा साठली असेल तर ती तुम्ही खरवडू नये. घरातल्या धडधाकट माणसाने मास्क लावून, आधी पाणी मारून, ओली असतानाच काढावी. पावसाळ्यात भिंतीवर आलेली काळी बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नये. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रव एकत्र कधीही वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो फुफ्फुसांना इजा करतो. जोर कमी लावावा लागावा म्हणून लोक दोन औषधे मिसळतात, हे मी पाहिले आहे. जोर कमी करायचा खरा मार्ग वेळ देण्याचा आहे: द्रव टाकून १५ मिनिटे बाहेर बसावे, डाग आपोआप सैल होतो. तवा, कुकर, दुधाचे पातेले रात्रीच भिजत घालावे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग नळावरून काढायला लिंबूसत्वाचे पाणी उत्तम, परंतु ते शहाबादी, कोटा किंवा कडप्प्याच्या फरशीवर पडू देऊ नये, कारण हे सगळे चुनखडीचे दगड आहेत आणि आम्लाने ते खडबडीत होतात. खडबडीत झालेला दगड पुढे अधिक मळतो आणि अधिक घासावा लागतो.

आता माणसांविषयी. तुमच्या पत्रात दुखण्यापेक्षा सासूबाईंच्या मौनाबद्दल जास्त ओळी आहेत, म्हणून हे टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. त्या मौनाचा अर्थ तुम्ही नापसंती असा लावला आहे, आणि तो तसा असेलही. परंतु मी ज्या घरांत गेले, तिथल्या अनेक सासूबाईंशी वेगळे बोलल्यावर त्यांनी मला हेच सांगितले की, काय करू आणि काय नको, हे सून सांगत नाही, विचारले तर तिला वाईट वाटेल, म्हणून गुपचूप करते. हा आजार डोळ्यांना दिसत नाही. सकाळी जी बाई कप उचलू शकत नाही, तीच संध्याकाळी पोळ्या लाटते, आणि पाहणाऱ्याला त्याचा मेळ लागत नाही. म्हणून एका निवांत संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून साध्या शब्दांत सांगावे: "आई, सकाळी माझी बोटे आखडलेली असतात, अकरानंतर मोकळी होतात. फडके पिळले की दोन दिवस हात जातो. तुम्ही वाकून झाडू नका, आपण लांब दांड्याचा झाडू आणू. मला बसून करायची कामे द्या." सत्तरीच्या बाईनेही उकिडवे बसून झाडणे बरे नव्हेच. जी साधने तुमच्यासाठी येतील, ती त्यांच्याही उपयोगाची आहेत, आणि असे म्हटले की घरात साधन येणे सोपे जाते.

पती आणि मुलांकडून मदत मागू नये, काम सोपवावे. मदत मागितली की लक्ष ठेवणे, आठवण करणे, वस्तू काढून देणे हे सगळे तुमच्याकडेच राहते आणि तेही थकवणारे काम आहे. सातपूरमधल्या एका घरात मी असे करून घेतले होते की घंटागाडीचे काम संपूर्णपणे वडिलांकडे: ओला-सुका कचरा वेगळा करणे, डबे बाहेर नेणे, धुऊन पालथे घालणे, पिशव्या संपल्या तर आणणे. घंटागाडी सकाळी येते, म्हणजे तुमची बोटे आखडलेली असतात त्याच वेळी. हे काम तुमच्याकडे असूच नये. पतींची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात ते मुलाकडे. मुलीकडे वरच्या खोलीचे झाडणे द्यावे, म्हणजे जिना चढउतार टळेल. दहावीच्या मुलाला वेळ नसतो असे तुम्ही म्हणाल. पिंप घासायला आणि न्हाणीघर धुवायला आठवड्यातून पाऊण तास पुरतो. त्यांनी केलेले काम तुमच्यासारखे होणार नाही. पहिले दोन महिने ते पुन्हा करायला उठू नये, कारण एकदा पुन्हा केले की ते काम कायमचे तुमच्याकडे परत येते.

पैशांची सोय असेल तर बाईकडे कोणते काम द्यायचे, हा प्रश्न नेहमी येतो. बहुतेक जणी भांडी देतात, कारण ती रोजची असतात. मी म्हणेन की पिळणे आणि उकिडवे बसणे ज्यांत आहे ती कामे आधी द्यावीत: फरशी, न्हाणीघर, संडास. रोज परवडत नसेल तर आठवड्यातून दोनदा. तुमच्याकडे बसून होणारी कामे ठेवावीत, कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणे, कमरेच्या उंचीवरची धूळ पुसणे. आणि तुम्हाला आवडणारे एक काम, ते थोडे जड असले तरी, सोडू नये. देवघर मी स्वतःच आवरणार, असे एका बाईंनी मला ठामपणे सांगितले होते. आम्ही देवघर कमरेच्या उंचीवर आणले, पितळी समया वर ठेवून एक लहान निरांजन रोजच्या वापरात घेतले, आणि ते काम आजही त्याच करतात.

राहिला नवरात्राआधीचा आणि दिवाळीचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही, पण येणारच. घट बसण्याआधी सगळ्या गोधड्या, चादरी आणि पांघरुणे धुतलीच पाहिजेत, ही आपल्या घरांतली रीत आहे, आणि भिजलेली गोधडी उचलणे आणि पिळणे हे तुमच्यासाठी वर्षातले सर्वांत वाईट काम आहे. गोधड्या बाहेर धुवायला द्याव्यात, किंवा कडक उन्हात दोन दिवस घालून झटकायला मुलांना सांगाव्यात. डबे एका दिवशी सगळे खाली न काढता रोज दोन पुसावेत. जे डबे वर्षभर उघडलेच नाहीत, ते घासण्यापेक्षा देऊन टाकावेत. घरातली प्रत्येक कमी झालेली वस्तू ही पुढच्या वर्षी न पुसावी लागणारी वस्तू आहे.

सुरुवात कुठून करायची, ते सांगून थांबते. पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये, फक्त एका वहीत लिहावे: कोणते काम केले, किती मिनिटे केले, आणि दोन तासांनी हात कसे होते. दुसऱ्या आठवड्यात सपाट मॉप, त्याची चार फडकी, लांब दांड्याचा झाडू आणि एक उंच स्टूल आणावे. एकदम जमत नसेल तर आधी स्टूल. रविवार मोकळा ठेवावा आणि त्या दिवशीचे काम मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवारी दुपारी पंधरा-पंधरा मिनिटांत पाडावे. तिसऱ्या आठवड्यात वही पुन्हा वाचावी आणि ज्या कामापुढे सलग तीन वेळा 'दुखले' असे लिहिलेले असेल, ते कोणाकडे सोपवायचे ते घरात बसून ठरवावे. दरम्यान पुढच्या तपासणीला जाल तेव्हा संधिवाततज्ज्ञांना मनगटाच्या आधारपट्टीबद्दल आणि व्यवसायोपचाराच्या चिठ्ठीबद्दल विचारावे, आणि ती वही सोबत न्यावी. हात कुठे आणि केव्हा दुखतात हे तिच्यात लिहिलेले असल्यामुळे तपासणीच्या थोड्या वेळातही डॉक्टरांना ते नेमके सांगता येईल.